श्रेणी वाटेची, वाटसरूची नव्हे

वाट पडते, ती कोणी पाडत नाही, असा माझा अनेक वर्षांचा समज होता. माळावरून गुरे जातात, त्यांच्यामागून माणसे जातात आणि एके दिवशी तेथे पायवाट दिसू लागते. परंतु वाट विचारपूर्वक आखण्याचेही एक शास्त्र आहे आणि अध्यापकाने त्यातून घ्यावे असे पुष्कळ आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता कन्येकडे कॅनडात व्हँकूव्हरला गेलो होतो. तेथून उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर व्हिसलर हे पर्वतीय गाव आहे. हिवाळ्यात जेथे बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो, त्याच उतारांवर १९९९ पासून उन्हाळ्यात डोंगरी सायकलींचे उद्यान चालते. पाळण्यातून सायकलीसह वर जायचे आणि रानातल्या वाटेने खाली यायचे. हौशी नवखे आणि कसलेले वीर एकाच डोंगरावर येतात; तरीही दोघांना आपापली वाट सापडते.

जावईबापूंना या खेळाचा नाद आहे. त्यांनी मला वाटांच्या खुणा समजावून दिल्या. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौरस म्हणजे मध्यम, पत्त्यांतल्या चौकटीसारखी काळी खूण म्हणजे अवघड, आणि अशा दोन खुणा म्हणजे अतिअवघड. या खुणा बर्फावरील खेळातून उचललेल्या आहेत. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने तर त्यांना मापेही ठरवून दिली. हिरवी वाट निदान तीन फूट रुंद असावी आणि तिचा सरासरी चढउतार शेकडा पाचच्या आत असावा. निळी दोन फुटांची चालते. तिच्यावर आठ इंचांपर्यंतचा दगड वा मूळ आडवे आले तरी चालते. काळी वाट फूटभर असली तरी पुरे आणि अडथळा पंधरा इंचांपर्यंत चालतो.

मापांपेक्षा मला त्यामागील समंजसपणा अधिक भावला. काळ्या वाटेवरील अवघड जागा शक्यतो अगदी आरंभीच, समोर स्पष्ट दिसेल अशी ठेवावी, म्हणजे ज्याला ती झेपणार नाही तो तेथूनच माघारी वळेल. अर्ध्या डोंगरात अडकणार नाही. मधल्या अडथळ्यांना बगल देणारी सोपी पळवाट शेजारीच असावी. उडीच्या दोन टोकांमध्ये खड्डा न ठेवता माती भरून सपाट ओटा करावा. उडी तोकडी पडली तरी स्वार ओट्यावर उतरतो, आणि ज्याला उडायचेच नाही तो त्यावरून सरळ चालवीत जातो. वळणाच्या अलीकडे थोडा चढ द्यावा, म्हणजे वेग आपोआप मंदावतो.

या शेवटच्या युक्तीत जमिनीचेही हित आहे. भरधाव सरळ वाटेनंतर एकदम वळण आले, तर भ्यालेला स्वार ब्रेक करकचून दाबतो, चाक घसटते आणि माती उखडते. पुढे पावसाचे पाणी त्याच चरातून वाहते. म्हणूनच वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा दंडक आहे. नाहीतर पाणी त्या वाटेलाच ओढा करून टाकते.

माझा नऊ वर्षांचा नातू काळ्या वाटेच्या तोंडाशी थांबला, पुढचा खडक पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, ही आज नको." तो निळ्या वाटेने गेला. त्याला कोणी हसले नाही. वाटेला काळी म्हणतात. मुलाला कोणी कच्चा म्हटले नाही.

आमच्या शाळांत मात्र श्रेणी मुलाच्या कपाळी चिकटते. मी शासकीय शाळेचा मुख्याध्यापक आहे. नववीच्या एका वर्गात अपूर्णांकही न उमगलेली मुले आणि बीजगणित चुटकीसरशी सोडविणारी मुले शेजारीशेजारी बसतात, आणि सर्वांपुढे धडा एकच असतो. त्यात पहिल्यांदा कोसळतात त्या बहुधा खेड्यांतून येणाऱ्या मुली. मुलगा नापास झाला तर पुन्हा बसतो. मुलगी नापास झाली की घरचे तिला थांबवून घेतात, आणि शाळेच्या दप्तरी कारण लिहिले जाते, "घरगुती".

यंदा आमच्या गणिताच्या बाईंनी प्रत्येक धड्याची उदाहरणे तीन पायऱ्यांत मांडली आहेत. कोणत्या पायरीपासून आरंभ करावयाचा हे विद्यार्थिनीच ठरविते, आणि वरची पायरी तिला केव्हाही खुली असते. बाईंचे काम यामुळे दुप्पट झाले आहे. फळ काय येईल ते वार्षिक परीक्षेत दिसेल. तूर्त सहामाहीनंतर नववीतील एकाही मुलीचा दाखला मागण्यासाठी पालक माझ्या टेबलापाशी आलेले नाहीत, एवढे मात्र समाधानाने नोंदवितो.