गिरणीतली वही

या पानावर कपाशी-तुरीच्या चार गोष्टी वाचायची तुम्हाला सवय आहे. आजही कपाशीची गोष्ट येणारच आहे, पण तिच्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून पुढचे सांगता येत नाही.

मी परभणीच्या विद्यापीठाचा बी. एस्सी. कृषी. कृषी खात्यात तीस वर्षे होत आली आणि त्यांतली निम्मी गोदाकाठच्या गावांत गेली. २०१६ च्या पावसाळ्यात मी बारा गावांतील शेतकऱ्यांचा मोबाइलवर एक गट केला. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात तेव्हा २५६ माणसे मावत. महिनाभरात जागा भरली आणि मागे राहिलेले 'साहेब, आमचा नंबर कधी लागायचा?' म्हणून विचारू लागले, जणू सोसायटीच्या कर्जाची यादीच निघाली होती.

सुरुवातीला नुसती फुले, देव आणि सुप्रभात. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली आणि गट कामाला लागला. पुढच्या हंगामात एकरी दोन कामगंध सापळे लावायचे ठरले. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले, की फवारणीचा विचार करायचा, हा हिशेब. सकाळी सात वाजले की आकडे येऊ लागत. कुणाचे तीन, कुणाचे पाच. एकाने लिहिले होते, 'साहेब, पंधरा. मोजताना हात थरथरला.' नदीच्या अलीकडे आकडा चढला की पलीकडची गावे सावध होत. मी एकटा मोटारसायकलवर कितीही फिरलो असतो तरी हे मला साधले नसते.

आणि खरे सांगायचे, तर उत्तरे मी फारशी देतच नसे. कुणी प्रश्न टाकला की दुसरा कुणीतरी उलटा प्रश्न विचारी. पाणी कधी दिलं? शेजारी कशाचं रान आहे? आधी काय मारलं? या उलट्या प्रश्नांतच निम्मे उत्तर असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

त्या गटात एक नंबर असा होता, की त्याचा मालक २०२१ च्या एप्रिलात कोरोनाने गेला. सगळ्यांनी गटावर हात जोडले. तो नंबर काढून टाकावा असे माझ्या मनात आले होते, ते राहून गेले. जूनमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास त्याच नंबरावरून प्रश्न आला, 'कपाशीत तूर किती ओळींनी घ्यावी?' बराच वेळ कुणी काही लिहिले नाही. मग एका म्हाताऱ्या बाबांनी व्यवस्थित उत्तर दिले आणि खाली लिहिले, 'सूनबाई असशील तर सांग, पोरी. बैलांची सोय करू.'

त्या त्यांच्या पत्नीच होत्या. घरी सासू, दोन लेकरे आणि तीन एकर कोरडवाहू रान. पारावर चार पुरुषांत उभे राहून विचारणे त्यांना जमण्यासारखे नव्हते आणि माझ्यासारख्याला फोन करणे तर त्याहून अवघड. घरातली सगळी निजली की त्या लिहीत. तीन हंगाम त्यांनी असेच विचारून विचारून काढले, आणि चांगले काढले. तीन एकरांत अठरा क्विंटल कापूस म्हणजे आमच्याकडच्या कोरडवाहूला काही कमी नव्हे.

आता माझी चूक. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. गटावर पुढाऱ्यांची चित्रे आली, मग टोमणे, मग एकमेकांच्या जातीपर्यंत गोष्ट गेली. मी सरकारी नोकर. दोघातिघांना समजावले, एकाला काढले, तर त्याच्या भावकीतले आणखी चार भांडायला उठले. एका रात्री वैतागून मी कळ दाबली. त्या कळीने असे होते, की गटात फक्त चालकाने लिहायचे, बाकीच्यांनी वाचायचे. चालक मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी इतके शांत वाटले म्हणता! निवडणूक झाली, निकाल लागले, पेरण्या झाल्या, तरी मी ते कुलूप काढले नाही. हवामानाचा अंदाज टाकावा, पीकविम्याची मुदत टाकावी, किती जणांनी वाचले ते पाहावे आणि समाधानाने झोपावे. गट छान चालला आहे, असे मी वरिष्ठांनाही सांगितले.

ऑगस्टमध्ये पाहणीसाठी त्या ताईंच्या गावी गेलो होतो. बांधावरून कपाशी दिसली आणि पाय थबकले. शेंड्याकडची पाने पसरट राहिलीच नव्हती. बोटांसारखी लांबट, निमुळती, शिरा ओढून धरल्यासारख्या, शेंडा वळलेला. एकदा पाहिलेला माणूस हे विसरत नाही.

"ताई, पंप कुणाचा आणला होता?"

"चुलत दिरांचा. आमचा बिघडला, म्हणून मागून आणला."

"त्यांचा तर ऊस आहे ना?"

"हाय की."

दिराने चारच दिवस आधी उसातल्या तणावर टू-फोर-डी मारले होते. टाकीत एकदा पाणी खळबळून ओतले आणि पंप दिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. साध्या पाण्याने हे औषध निघत नाही, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. ताईंनी त्यातून मावा-तुडतुड्याचे औषध फवारले. आठवड्यात पाने वळली. दुकानदाराने पान न पाहताच व्हायरस म्हणून सांगितले आणि औषध दिले. तेही त्याच पंपाने मारले. गुण येईना म्हणून आणखी एक. तीन फवारण्या, साडेचार हजार रुपये, आणि पंप तोच.

मी जरा चिडूनच विचारले, "अहो, पहिल्यांदा पान वळलं तेव्हाच विचारायचं नाही का?"

त्यांनी मोबाइल काढला. जुलैतला फोटो होता. वळलेले एक पान तळहातावर ठेवून, नीट उजेडात काढलेला. "काढला होता साहेब. पण पाठवायला जागाच नव्हती. तिथं आता आम्हाला लिहिता येत नाही."

मी काय बोलणार होतो? गट उघडा असता, तर तासाभरात कुणीतरी 'पंप कुणाचा?' एवढे दोन शब्द लिहिलेच असते.

वळलेले शेंडे खुडले, दोन टक्के युरियाची फवारणी केली, तीही नव्या पंपाने. पाऊस बरा होता म्हणून महिनाभरात नवी पाने नीट येऊ लागली. पण पात्या गळायच्या त्या गळून गेल्या होत्या. त्या वर्षी अठराच्या जागी दहा क्विंटल झाला. तुम्हीही लक्षात ठेवा: टू-फोर-डीच्या बाबतीत कपाशी फार नाजूक. शेजारच्या रानातून वाऱ्यावर आलेला फवाराही तिला बाधतो, मग टाकीच्या तळाला आणि नळीत राहिलेल्याची काय कथा. तणनाशकाचा पंप वेगळाच असावा आणि त्याला लाल रंगाचा पट्टा मारावा. धुतला आहे, या शब्दावर जाऊ नये.

त्याच रात्री मी गटाचे कुलूप काढले आणि लिहिले, 'आता सर्वांनी लिहावे.' कुणी लिहिले नाही. चौथ्या दिवशी एक सुप्रभात आले. पाच महिन्यांत निम्म्यांनी गटाचा आवाज बंद करून टाकला होता, काही निघून गेले होते, तरुण पोरांनी आपापले वेगळे गट केले होते. एकदा उठलेली बैठक पुन्हा बसवणे सोपे नसते.

अशा वेळी कॉलेजात वाचलेले एक जुने प्रकरण मला आठवले. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या मदतीने आजूबाजूच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा रेडिओवर शेतीचा कार्यक्रम, तो संपला की मंडळात चर्चा, आणि न सुटलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी त्याचा अभ्यास केला. त्यांनी मंडळाची गावे पाहिली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे पाहिली, आणि रेडिओच नाही अशीही पाहिली. मंडळाच्या गावांत शेतकऱ्यांचे ज्ञान चांगलेच वाढलेले आढळले; नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार थोडे. यावर मी परीक्षेत उत्तर लिहून गुण मिळवले होते, आणि तीस वर्षांनी स्वतःच्या हाताने बारा गावांना नुसता रेडिओ करून ठेवले होते.

मग पुन्हा बैठक कुठे बसवायची? पारावर म्हटले तर ताईंसारख्या येणार नाहीत. मी त्यांनाच विचारले, "गावातल्या बाया कुठं कुठं जातात, जिथं गेल्याचं कुणी विचारत नाही?" त्या हसल्या. "गिरणीत."

पिठाच्या गिरणीत दोऱ्याने एक वही बांधली, पेन्सिलीसकट. ज्याला जे विचारायचे ते लिहावे, ज्याला माहीत असेल त्याने खाली उत्तर लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे गिरणीवाल्याची लेक लिहून घेते. ती बारावीला आहे. पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न होता, तोही मीच सांगून लिहवलेला. नंतर पाने भरू लागली. शेळीला गोचीड, मुगावर मावा, सुनेच्या नावावर सातबारा कसा चढवायचा. याला उत्तर तलाठ्याकडून आणावे लागले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेच्या व्हरांड्यात बसायचे, असेही ठरले. इथे फोटो चालत नाही, फांदी आणावी लागते. हे एक नकळत बरे झाले. फोटोत पान एकाच बाजूने दिसते. फांदी हातोहात फिरते, पालथी होते, कुणी वास घेते, कुणी शेंडा मोडून पाहते. घाईचे असेल तर किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

सगळे परत आले असे मात्र मी म्हणणार नाही. सकाळचे सापळ्यांचे आकडे नदी ओलांडून जात, ते आता जात नाहीत. पुण्याला कंपनीत असलेली दोन पोरे रात्री बापाच्या रानाचे प्रश्न वाचून उत्तरे शोधून देत. वही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बारा गावांपैकी पाच गावांत वही टिकली. एका गावात तिच्यात उधारीचा हिशेब लिहिलेला सापडला, दुसऱ्या गावात पोरांनी विमाने काढली होती. मोबाइलवर आता गावागावाचे छोटे गट केले आहेत, प्रत्येकाला दोन चालक, त्यांतली एक बाई. मी कुठेच चालक नाही. ताई त्यांच्या गावच्या चालक आहेत. नंबर अजून नवऱ्याच्याच नावाचा आहे.

गेल्या शनिवारी त्यांच्या गिरणीतली वही चाळली. पिठाने पाने पांढरी झाली आहेत. एका पानावर चुलत दिराचे अक्षर होते: 'माझा जुना पंप तणनाशकाचा आहे, कपाशीला नेऊ नये. दुसरा घेतला आहे, तो मागावा.' त्याखाली तीन वेगवेगळ्या हातांनी विचारले होते, भाडे किती? उत्तर अजून आलेले नाही.