आठ कर्णे

अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वॉटमध्ये विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘किती वॉटचा?’ एवढे कळले की आपले समाधान होते. त्याच्यापुढे आपण काय जोडणार आहोत, हे सांगण्याची गरज कुणाला वाटत नाही. माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायाचे मूळ या अर्धवट प्रश्नात आहे.

2006 सालचा आमच्या गावचा सप्ताह. गाव नेवासे तालुक्यातले, प्रवरेकाठचे. काल्याचे कीर्तन वडिलांचे होते आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला घरी पडल्यापडल्या ऐकता यावे म्हणून आमच्या आळीच्या तोंडाशी दोन कर्णे लावायला मी साउंडवाल्या मुलाला सांगितले. मूळचे कर्णे चार. आदल्या संध्याकाळी कमिटीने आणखी दोन वाढवून घेतले होते. मुलगा चाचरत म्हणाला, “सर, लोड वाढंल.” मी म्हणालो, “अरे, दोनच तर आहेत!”

कीर्तन रंगात आले आणि पखवाजाच्या प्रत्येक थापेबरोबर वडिलांचा आवाज फाटू लागला. थोड्या वेळाने जळका वास आला व सारे कर्णे मुके झाले. वडिलांनी कीर्तन तसेच पुढे नेले. पुढच्या चार-सहा रांगांना ते ऐकू आले. घरी आईपर्यंत मात्र काहीच पोहोचले नाही. मी त्या मुलाला चारचौघांत फटकारले. कमिटीने त्याचे निम्मे पैसे कापले. पुढच्या सप्ताहाला आई नव्हती.

पुष्कळ वर्षांनी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याने मला हा हिशेब समजावून सांगितला. कर्ण्याच्या युनिटचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, सामान्यतः 16 ओहम असतो. असे चार कर्णे समांतर जोडले की एकूण विरोध 4 ओहमवर येतो आणि आठ जोडले की 2 वर. आकडा घटतो तसे ओझे वाढते, हेच आपल्यासारख्यांना उलटे वाटते. 20 व्होल्टला 8 ओहमवर अडीच अँपिअर प्रवाह पुरतो. 2 ओहमवर मात्र दहा अँपिअर लागतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 4, 8, 16 असे आकडे लिहिलेले असतात, ते याचसाठी. चारच्या खाली गेले की पॉवर सप्लायचा दम तुटतो, लहरींचे माथे छाटले जातात आणि ट्रान्झिस्टर तापून जळतात. शिवाय 16 हा आकडाही नाममात्रच असतो. स्वर बदलेल तसा विरोध कमीजास्त होतो, व्होल्टेज आणि प्रवाह यांची पावले जुळेनाशी होतात, आणि त्या विसंवादाची उष्णता ट्रान्झिस्टरलाच सोसावी लागते.

उपाय साधा होता. दोन-दोन कर्णे एकापुढे एक जोडून त्यांच्या चार जोड्या समांतर ठेवल्या असत्या, तर भार 8 ओहमवर राहिला असता. लांबच्या कर्ण्यांसाठी शंभर व्होल्टची लाइन आणि प्रत्येक कर्ण्याला ट्रान्सफॉर्मर, ही तर जुनीच पद्धत. 4 ओहमवर शंभर वॉट पोहोचवायला पाच अँपिअर लागतात, तेच शंभर व्होल्टवर एक अँपिअर. त्याच तारेतला नाश पंचवीसपटीने घटतो. पण त्यासाठी जोडणी उलगडून पुन्हा करावी लागली असती, आणि तेवढा वेळ आम्ही त्याला दिला नव्हता.

आम्ही साहित्याचे शिक्षक श्रोत्याविषयी, आस्वादाविषयी पुष्कळ बोलतो. आवाज श्रोत्यापर्यंत नेणाऱ्याला काय सोसावे लागते, हे आमच्या विवेचनात क्वचितच येते. त्या मुलाच्या एका वाक्यात सगळे शास्त्र होते. ते बोलीत होते, म्हणून मला ते ऐकू आले नाही.

गेल्या वर्षी तो मला नगरला भेटला. आता त्याचे स्वतःचे दुकान आहे. मी चूक कबूल केली आणि कापलेले पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. चहा मागवला, आणि हसून म्हणाला, “सर, पैशाचं काही नाही. पण तो अ‍ॅम्प्लिफायर उसना आणलेला होता. तो फेडायला मला दोन सीझन लागले.”