गाडीचा ताप कधी चढतो?

मूल तापानं फणफणलेलं असतं, आपण धावतपळत दवाखाना गाठतो, आणि डॉक्टरांनी थर्मामीटर लावावा तो ताप पार उतरलेला! मैत्रिणींनो, हा अनुभव तुमच्यापैकी कुणाला नाही? अशा वेळी जाणते डॉक्टर औषध लिहायची घाई करत नाहीत. ताप कोणत्या वेळी चढतो, थंडी वाजून येतो का, घाम येऊन उतरतो का, हे विचारतात आणि चार दिवस लिहून ठेवायला सांगतात. जुन्या मोटारीचं इंजिन मधूनच तापत असेल, तर तिच्याही बाबतीत हेच करायचं असतं. आणि गाडी गॅरेजवाल्याकडे अर्धा तास असते, आपल्याकडे रोज. तेव्हा हे काम आपल्याइतकं दुसरं कोण करणार?

आम्ही वाईला राहतो. हे नोकरीनिमित्त परगावी, शनिवारी येतात. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना डायलिसिससाठी साताऱ्याला नेते. चार तास मशीनला जखडून राहिलेल्या माणसाला परतताना एस.टी.च्या गर्दीत कसं उभं करायचं? तेव्हा नानांनीच निवृत्त होताना घेतलेली, वीस वर्षं उलटून गेलेली छोटी गाडी हाच आमचा आधार. गेल्या उन्हाळ्यात तिचा उष्णतेचा काटा मनाला येईल तेव्हा वर चढू लागला. गॅरेजात नेली, की शहाण्या मुलासारखी गप्प! तिथल्या माणसानं जरा वेळ इंजिन चालवून पाहिलं आणि सांगितलं, "हेड गॅस्केट गेलं असणार. इंजिन उघडावं लागेल, अठरा हजार धरा. साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." हे फोनवर म्हणाले, "विकूनच टाकू." त्या रात्री जेवताना नाना हळूच म्हणाले, "सूनबाई, आठवड्यातून एकच खेप केली तर नाही का चालणार?" ते चालणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या हिशेबाची वही मागून उघडली आणि रकाने आखले. सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी, निघायची वेळ, काटा कुठं चढला, तेव्हा गाडी धावत होती की उभी, आणि मग तो कशानं उतरला. तीन आठवड्यांत काटा पाच वेळा चढला. एकदा वाईच्या बाजारात, दोनदा आनेवाडीच्या टोलनाक्यावर, दोनदा साताऱ्यात पोवई नाक्याच्या गर्दीत. पाचही वेळा गाडी उभी, नाहीतर मुंगीच्या पावलानं चाललेली. हमरस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात एकदाही नाही! गाडी पळू लागली, की काटा आपोआप खाली. पाण्याची पातळी जिथल्या तिथं. शिवाय एक गोष्ट कानानं टिपली. उभी राहूनही तापली नाही त्या दिवशी बोनेटखालून पंख्याची घरघर ऐकू येई. तापली त्या दिवशी ती नसे.

याचा अर्थ सोपा आहे, पाहा. इंजिनाभोवती फिरणारं पाणी तिथली उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरच्या जाळीत येतं आणि वाऱ्यानं निवतं. गाडी पळताना वारा समोरून फुकट मिळतो. उभी असताना तो विजेच्या पंख्यानं ओढावा लागतो. पाणी ठरावीक तापलं, की एक छोटा स्विच पंखा लावतो. तो कधी लावत असेल आणि कधी नसेल, तर गाडीही कधी तापणार आणि कधी नाही.

वही घेऊन मी दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. मग रेडिएटरवरच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या. पंखा भर्रकन् फिरला! म्हणजे पंखा शाबूत, फ्यूज शाबूत. खोट स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. जोडणी उघडली तर आतली पिन काळी पडलेली. स्विच आणि जोडणी बदलून मजुरीसकट नऊशे रुपये झाले. इंजिन उभं ठेवून पंखा तीनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत त्यांनी मला निघू दिलं नाही.

पण प्रत्येक गाडीचं दुखणं हेच असेल असं नाही, बरं का. म्हणून काटा केव्हा चढतो ते पाहायचं. पंखा फिरत असूनही वेगात किंवा घाटात गाडी तापत असेल, तर रेडिएटरची जाळी बाहेरून चिखला-किड्यांनी किंवा आतून क्षारांनी तुंबलेली असू शकते, नाहीतर पाण्याचा पंप कमजोर झालेला असतो. सकाळी निघाल्यावर थोड्याच वेळात काटा झपकन् चढून एकदम उतरत असेल, तर थर्मोस्टॅट नावाची झडप अडकते आहे, किंवा पाण्यात हवा राहिली आहे, अशी शंका घ्यावी. ही झडप बहुतेक गाड्यांत ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान उघडू लागते. मिस्त्री ती काढून पातेल्यातल्या तापत्या पाण्यात सोडतात. उघडली नाही, तर बदलायची. पातेलं मात्र स्वयंपाकाचं देऊ नका. कूलंट विषारी असतं, आणि चवीला गोड असल्यानं मुलांपासून व मांजर-कुत्र्यांपासून ते दूरच ठेवावं.

पाणी रोज कमी होतं पण जमिनीवर थेंब दिसत नाही, इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर येत राहतो, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, अशा खुणा असतील तर मात्र गॅस्केटचा संशय रास्त. तेव्हा चालढकल नको. आणि काटा वर असूनही बाकी काहीच तापलेलं नसेल, तर काट्याचा सेन्सरच खोटं बोलत असेल, तेही तपासून घ्यावं.

रेडिएटरचं झाकण हे आपल्या कुकरचंच भावंड. पाणी दाबाखाली कोंडलं, की शंभर अंशांना उकळत नाही, आणखी वर जातं. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती त्यामुळेच. झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग सैल झाली, की पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. तेव्हा हे स्वस्त झाकण आधी तपासून घ्या. आणि वाफ कोंडलेला कुकर आपण उघडत नाही, तसं गरम इंजिनाचं हे झाकण कधीही उघडू नका. इंजिन पूर्ण निवू द्या, मग जाड फडकं धरून सावकाश फिरवा. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

वाटेत काटा चढू लागला, तर ए.सी. बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात जीव नकोसा होईल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो. काटा लाल खुणेकडे गेला, की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. गरम काचेच्या भांड्याचं काय होतं ते आपण जाणतोच. एरवीही नळाचं पाणी भरू नये, त्यातले क्षार गीझरसारखे आत बसतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंटच घाला.

आणि गॅरेजात जाल तेव्हा "गाडी तापते हो" एवढंच सांगू नका. कुठं, केव्हा, किती वेळानं, हे लिहिलेलं पान पुढं ठेवा. इंजिन उघडायचं म्हणाले, तर कोणती खूण पाहून म्हणता, असं शांतपणे विचारा. तो प्रश्न साहेबांनीच विचारायला हवा असं थोडंच आहे?

आमचे रकाने अजून चालू आहेत. सकाळची पातळी आता नाना लिहितात. स्वतःला दिवसाला मोजून पाणी प्यावं लागतं, त्याची नोंद ते एका रकान्यात करतात आणि शेजारच्या रकान्यात गाडीच्या पाण्याची.