अण्णांची मोटारसायकल

आमच्या सोलापूरच्या घरांत रविवारची सकाळ दोन पूजांची असे. एक देवघरांतली, ती तासाभरांत आटोपे. दुसरी मागल्या चौकांतली, ती ऊन चढेपर्यंत चाले. सोवळें वळणीवर गेलें कीं अण्णा जुना लेंगा घालून बाहेर येत, गतवर्षाचें पंचांग फरशीवर पसरीत आणि मला हांक मारीत. निघालेला प्रत्येक नट ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें त्या पंचांगावर मांडावयाचा, हा त्यांचा दंडक. एखादा नट चुकून पुढच्या पानावर गेला तर ते म्हणत, "अरे, आषाढांतला श्रावणांत नेलास!"

गाडी येझदी रोडकिंग, १९७९ सालीं घेतलेली. हिचें मूळ कुळ परदेशी. प्राग येथें यानेचेक नांवाच्या गृहस्थानें १९२९ सालीं जावा गाडी काढली. पुढें इराणी कुटुंबानें म्हैसूरला कारखाना घातला, आणि १९६१ पासून ती तेथें होऊं लागली. १९७३ सालीं तिचें नांव येझदी झालें. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. आणि किक मारावयाचा जो दांडा, तोच वळवून गीअर टाकावयाचे. एकाच दांड्याकडून दोन कामें करून घेणारी ही योजना आमच्यासारख्या काटकसरी घरास मानवली यांत नवल तें काय!

इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलांतच तेल मिसळावयाचें, त्यामुळें सायलेन्सरच्या आंतील नळ्या काजळीनें भरतात व गाडी ओढेनाशी होते. त्या नळ्या जाळून साफ कराव्या लागत, आणि अण्णांनीं त्यासाठीं स्नानाच्या बंबाचा विस्तव पसंत केला. पहिल्याच दिवशीं घरभर तेलाचा असा धूर कोंडला कीं आजीनें त्या पाण्यानें आंघोळ करण्याचें साफ नाकारलें. शिवाय भिक्षुकाच्या घरांतील मुलानें असे काळे हात करून बसावें याबद्दलहि तिनें बरेंच ऐकविलें. आजोबा वर्तमानपत्रांतून मान वर न करतां म्हणाले, "लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचेंच दुकान काढलें होतें. आणि आपल्या गांवचे वालचंद हिराचंद मोटारींच्या कारखान्यापर्यंत पोंचले." आजीचें म्हणणें एवढेंच, कीं त्यांच्यापैकीं कोणीं आपला बंब वापरला नव्हता. हें खोडून काढतां येण्याजोगें नव्हतें. पुढच्या खेपेस नळ्यांसाठीं निराळी शेगडी आली.

माझें काम बॅटरी धरून उजेड पाडण्याचें. ज्यानें वडिलांसाठीं बॅटरी धरली आहे, त्यास हें काम किती अवघड तें सांगावयास नको. प्रकाश नेमका त्यांच्या बोटांवर पाहिजे, आणि मुलाची दृष्टि भिंतीवरच्या सरड्याकडे! "उजेड इकडे" हे दोन शब्द मीं लहानपणीं जितक्या वेळां ऐकले तितक्या वेळां शुभं करोतिहि म्हटलें नसेल. हात पुसावयास सुताचा गुंता. इतर गांवचे मेस्त्री हें वेस्ट विकत आणतात. आमच्या शेजारचे एक गृहस्थ गिरणींत कामास होते, ते सहज आणून देत. गिरण्यांचे भोंगे थांबून आतां वर्षें लोटलीं. तें सूत मी यंत्रमागवाल्यांकडून आणतों. पाण्यानें मात्र गाडी कधीं धुतली नाहीं. ज्या गांवांत नळाच्या पाण्याची दिवस मोजून वाट पाहावी लागे, तेथें तें गाडीवर ओतणें अण्णांना अधर्म वाटे.

कॉलेजांत गेल्यावर मला सुधारणेची हौस आली. एके दुपारीं, अण्णा कचेरींत असतांना, मीं सायलेन्सरमधील नळ्या काढून ठेवल्या. गाडी गर्जूं लागली, आणि मला वाटलें तिची शक्ति दुप्पट झाली. संध्याकाळीं अण्णांनीं रागें न भरतां मला मागें बसविलें व रेल्वेच्या पुलाच्या चढावर नेलें. एरवीं जो चढ ती सहज चढे, तेथें तिनें दम टाकला. टू-स्ट्रोक इंजिनांत जळलेला वायु बाहेर जाण्याचें द्वार उघडें असतांनाच ताजें मिश्रण आंत येतें, आणि कांहीं अंशीं त्याच वाटेनें निसटूं पाहतें. धुराच्या नळींतून परत फिरणारी दाबाची लाट त्यास आंत लोटते. त्या नळीचे सारे अडथळे यासाठीं मोजूनमापून केलेले असतात. "हा जो आवाज वाढला आहे ना," अण्णा म्हणाले, "तो निसटणाऱ्या पेट्रोलचा आहे. पेट्रोल माझ्या पैशाचें आहे." हल्लीं अशा सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवितात, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि उत्पादकाच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरबदल चालणार नाहींत असें सांगितलें. आमच्या घरीं तो निकाल बराच आधीं लागला होता.

परंतु अण्णांचा खरा अभिमान होता तो पॉइंटांवर. उजव्या झांकणाखालीं धातूचे दोन लहान तुकडे असतात. ते एकमेकांपासून सुटले कीं प्लगांत ठिणगी पडते. त्यांतील फट ०.४ मिलिमीटर, आणि ती नेमकी केव्हां उघडते यावर सारें अवलंबून. अण्णा सिगारेटच्या पाकिटांतील पातळ कागदाची पट्टी पॉइंटांत धरीत, इंजिन हलक्या हातानें फिरवीत आणि पट्टी ओढून पाहत. ती सुटली, तोच तो क्षण! विडीला जन्मांत न शिवलेले आमचे वडील दर दोन महिन्यांनीं पानवाल्यापाशीं रिकामें पाकीट मागत. पेठेंत त्याबद्दल काय बोललें जाई तें ईश्वर जाणे.

१९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद झाला, तरी गाडी चालूच राहिली. २०२२ सालीं येझदी हें नांव पुन्हां बाजारांत आलें. नवी गाडी फोर-स्ट्रोक. ती पाहून अण्णा म्हणाले, "आजोबांचें नांव ठेवलें आहे, चेहरा मात्र आला नाहीं."

पुढें अण्णांच्या डोळ्यांच्या पडद्यास विकार जडला. कडेचें दिसे, मधलें पुसट होई. समोर माणूस आहे हें कळे, चेहरा कळत नसे. घरांत त्यांनीं हें पुरतें सांगितलें नव्हतें. एका रविवारीं पॉइंट लावून त्यांनीं किक मारली, आणि ती उलटली. ठिणगी वेळेच्या फार आधीं पडली कीं असें होतें. दांडा उसळून पायावर येतो. पंधरा दिवस ते लंगडत होते. "पाय घसरला," एवढेंच म्हणाले. मीं झांकण उघडून पाहिलें, तों फट जवळजवळ दुप्पट होती.

त्या दिवसापासून किक मारण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि मीं एक लबाडी सुरू केली. सकाळीं अण्णांनीं पॉइंट लावावे. दुपारीं ते आडवे झाले कीं मीं ते पुन्हां लावावे. आईस हें ठाऊक होतें. ती चहाचा पेला शेजारीं ठेवून कांहीं न बोलतां आंत जाई. सहा महिने असे गेले. एके संध्याकाळीं मी बाजारांतून परतलों, तों ओसरीवरून अण्णा म्हणाले, "मी पॉइंट लावतों तेव्हां ती सकाळीं कोरडी ठकठक करते. संध्याकाळीं तूं येतोस तेव्हां करीत नाहीं. डोळे गेले आहेत रे माझे, कान नाहीं."

मला कांहीं सुचेना.

"पट्टीनें पाहतोस कीं अंदाजानें?" त्यांनीं विचारलें.

"पट्टीनें."

"मग ठीक."

पुढच्या रविवारीं त्यांनीं आपण होऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच आणावयास सांगितलें. त्यांत पॉइंट नसतात; फिरत्या चुंबकाची चाहूल घेऊन एक बंद डबी ठिणगी पाडते. झिजण्यासारखें कांहीं नाहीं, लावण्यासारखेंहि कांहीं नाहीं. कित्येक वर्षें मी त्यासाठीं हट्ट धरला होता, आणि जें उघडून दुरुस्त करतां येत नाहीं तें घरांत नको म्हणून अण्णांनीं तो मोडून काढला होता. आपण मागत आहों ती सुधारणा त्यांच्या हातचें काम काढून घेणारी आहे, हें मागतांना माझ्या मनांत कधीं आलें नव्हतें.

बसविण्याच्या दिवशीं पंचांग मीं पसरलें, बॅटरी अण्णांनीं धरली. प्रकाश सारखा सरके. एकदां माझ्या तोंडून निघून गेलें, "अण्णा, उजेड इकडे." ते हंसले नाहींत; दुसऱ्या हातानें मनगट धरून त्यांनीं तो स्थिर केला. तिसऱ्या किकेस गाडी सुरू झाली. मान तिरपी करून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग पंचांगावरचे जुने पॉइंट त्यांनीं चांचपून उचलले, सिगारेटच्या कागदांत गुंडाळले आणि माझ्या हातीं दिले. "हे गाडीच्या डब्यांत ठेव. तुझी ती डबी रात्रीं तुळजापूरच्या घाटांत बंद पडली, तर काय उघडून पाहशील?"

मीं ते ठेवले. बरोबर एक लहान पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडाहि ठेवला.