अंड्यातल्या बाळाला परवलीचा शब्द

कोकिळेची पिले कावळी वाढवते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कावळीच्या भोळेपणाला हसण्याची तर आपल्याला सवयच आहे. पण फसवली जाणारी प्रत्येक आई भोळीच असते असे नाही.

ऑस्ट्रेलियात सुपर्ब फेअरीरेन नावाचा जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा पक्षी आहे. गवताचे, वरून झाकलेले आणि बाजूला छोटे दार असलेले त्याचे घरटे. आत अंधार. ब्राँझ ककू ही तिकडची कोकिळेची भाऊबंद डाव साधून तिथे आपले अंडे घालून जाते. तेही ठिपक्यांचे, हुबेहूब! ते बाराव्या दिवशी फुटते आणि डोळेही न उघडलेले ते पिलू पाठीचा रेटा देत घरमालकिणीची अंडी बाहेर ढकलते.

घरट्यात उरते एकच पिलू. ते आपले की परक्याचे? त्या अंधारात नुसत्या डोळ्यांवर किती भिस्त ठेवायची? आणि परके समजून पोटचेच टाकले तर?

ॲडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या सोनिया क्लाइनडॉर्फर, डायेन कोलंबेली-नेग्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांमधले आवाज ध्वनिमुद्रित केले, तेव्हा एक नवलाची गोष्ट कानी आली. अंडी उबवायला बसल्यावर नवव्या-दहाव्या दिवसापासून मादी अंड्यांशी बोलू लागते! प्रत्येक आईच्या या सादेत एक खास सूर असतो. पिले बाहेर आली की ती साद बंद होते, आणि नंतर पिले चारा मागतात ती नेमक्या त्याच सुरात. हा झाला घरचा परवलीचा शब्द. घरट्यापासून दूर जाऊन ती तो नवऱ्यालाही शिकवते, कारण भरवायचे काम त्यालाही असतेच.

हा सूर रक्तातूनच आला नसेल कशावरून? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दोन घरट्यांतली अंडी अदलाबदल करून पाहिली होती. पिलांनी जन्मदात्रीचा नव्हे, उबवणाऱ्या आईचा सूर उचलला.

खरी मेख आहे ती दिवसांच्या हिशेबात. फेअरीरेनची अंडी चौदा-पंधरा दिवसांनी फुटतात, म्हणजे तिच्या पिलांना धडा गिरवायला पाचेक दिवस मिळतात. ककूच्या पिलाला जेमतेम दोन. लवकर जन्मण्याची जी घाई त्याला घरट्याचा ताबा मिळवून देते, तीच इथे नडते.

तरीही दहातल्या सुमारे सहा घरट्यांत ककूचे पिलू तरून जाते आणि दहा ग्रॅमची आई आपल्याहून मोठ्या पोराला भरवत राहते. नवख्या माद्या जास्त फसतात, अनुभवी कमी. उरलेल्या चार घरट्यांत मात्र चोच उघडून ओरडणाऱ्या त्या पिलाकडे कुणी फिरकत नाही. मादी तोवर दुसऱ्या झुडपात गवताच्या काड्या आणि कोळ्याचे जाळे नेऊ लागलेली असते.