जपानी ताट आणि आपले बोंबील

आम्ही २०१९ साली पंधरा दिवस जपान पाहून आलो. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी बाळापुरात कोणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, तिकडं किडे खातेत म्हन्तेत, खरं हाये का?" आम्ही सांगतो, होय, नागानो भागात भातशेतीतले नाकतोडे सोया सॉस आणि साखरेत शिजवून खातात. मासा कच्चा खातात. गरम भातावर कच्चे अंडे फोडून कालवतात. ऐकणारा नाक मुरडतो आणि "शी!" म्हणतो. त्या 'शी'विषयीच आज वाचक बंधू-भगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आमच्या थोरल्या चुलतभावाचा मुलगा संगणकाच्या नोकरीनिमित्त टोकियोत गेला. एदोगावा भागातील निशी-कासाई येथे त्याचे बिऱ्हाड. तेथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. त्याने तिकीट काढले म्हणून आमच्यासारख्या कारकुनाला परदेश दिसला. पहिल्याच सकाळी भाताबरोबर 'नात्तो' पुढे आला. नात्तो म्हणजे शिजवून आंबवलेले सोयाबीन. पूर्वी ते भाताच्या पेंढ्यात बांधून आंबवत. काडीने ढवळले की भेंडीसारखी तार सुटते आणि कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हासारखा उग्र वास येतो. त्यात मोहरी आणि सोया सॉस घालून भातावर घेतात. पहिल्या दिवशी दोन घास गेले, चौथ्या दिवशी वाटी संपली. ओसाकाकडच्या कित्येक जपान्यांनाही नात्तो आवडत नाही, असे पुतण्याने सांगितले तेव्हा हसू आले.

आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. सोयाबीन तर आपल्या बाळापूर-पातूरच्या शिवारातले पीक. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. आपल्याकडे ते अडत्याकडे जाते, तेथून तेलाच्या कारखान्यात, आणि उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात. जपानला लागणारे बहुतेक सोयाबीन परदेशातून आणावे लागते, तरी तेथे त्याच्या हिरव्या शेंगा उकडून खातात, दुधाचे तोफू करतात, आंबवून मिसो करतात, भाजून पीठ करतात. तुरीची डाळ महागली म्हणून आपल्या घरात वरण पातळ होते आणि शिवारातले सोयाबीन मात्र चुलीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या माउल्यांनी यावर विचार करावा.

जपानी स्वयंपाकघरात एक वास कायम असतो. वाळवून दगडासारखा टणक केलेला मासा किसतात आणि समुद्रातल्या वनस्पतीबरोबर पाण्यात उकळतात. त्याला 'दाशी' म्हणतात. बहुतेक रश्श्यांचा तोच पाया. तो वास नाकात शिरला आणि आम्हाला आठवडी बाजारातले बोंबील-सुकट आठवले. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हा शहरात खोली शोधत आम्ही हिंडलो होतो. घरमालक आधी आडनाव विचारी आणि आडनावावरून उलगडा झाला नाही की विचारी, "तुम्ही काय खाता?" एका ठिकाणी खोली मिळाली. दोन महिन्यांनी तव्यावर बोंबील भाजले आणि आठ दिवसांत खोली रिकामी करावी लागली. टोकियोत तसाच वास प्रत्येक मजल्यावर दरवळत होता आणि कोणी कोणाला घर सोडायला सांगत नव्हते.

जेवणाच्या रीतीही पाहण्यासारख्या आहेत. घास घेण्यापूर्वी लहानथोर सारे 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे 'आम्ही हे नम्रपणे स्वीकारतो'. वाटी हातात उचलून तोंडाशी नेतात. शेवयांचा रस्सा भुरके मारून ओढतात, आणि त्यात कोणाला गावंढळपणा दिसत नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळतात. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. कारण कळले की विचित्र वाटणारी रीत विचित्र राहत नाही.

पण जपानातही ताटावरून माणूस मोजला गेला आहे, हे सांगितलेच पाहिजे. ओसाकात एका लहान दुकानात 'कासु उदोन' खाल्ले. गाईचे आतडे चरबीत कुरकुरीत तळून शेवयांच्या रश्श्यात घालतात. हे मूळचे बुराकू वस्त्यांचे अन्न. तसेच मीठ लावून वाळवलेले मांस, 'साइबोशी'. आपल्या वाडवडिलांच्या चान्यांचे हे भावंडच! इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली. पुढेही अशी फर्माने निघत राहिली. मेलेले जनावर ओढणारे आणि कातडे कमावणारे विटाळाचे ठरले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशात हे घडले, ही गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये. १८७१ साली सरकारने ही अस्पृश्यता कायद्याने रद्द केली. १८७२ मध्ये सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि तेच मांस प्रतिष्ठेचे झाले. वस्तीचा कलंक मात्र राहिला. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी या लोकांनी क्योतोत 'सुइहेइशा' ही समतेसाठी लढणारी संघटना उभारली. तरी लग्न जुळवताना मूळ वस्तीची गुपचूप चौकशी करण्याचे प्रकार पुढेही होत राहिले.

ओसाकाहून आम्ही कोयासानला गेलो. तेथील विद्यापीठात २०१५ साली बसवलेला बाबासाहेबांचा पुतळा पाहून ऊर भरून आला. रात्री विहारात जमिनीवर बसून जेवलो. लाल पाटावर तिळाचे तोफू, वाळवलेले तोफू, भाज्या. मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही. या जेवणाची जगभर वाहवा होते. बुराकूचे ताट मात्र लपवून खावे लागले. दोन्ही ताटे एकाच देशाची!

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडा, असे बजावले. ते आपण सोडले, कारण ती गुलामीची खूण होती. दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडण्याचा परवाना म्हणून नव्हे.

पुतण्याची मुलगी तेथे पालिकेच्या शाळेत पहिलीत होती. दुपारी वर्गातलीच मुले पाळीपाळीने पांढरी टोपी आणि झगा घालून सर्वांना वाढतात, सर्वांना एकच जेवण, आणि गुरुजीही वर्गातच जेवतात. या प्रथेची सुरुवात १८८९ साली त्सुरुओका गावी एका बौद्ध विहारातल्या शाळेत गरीब मुलांसाठी झाली. १९५४ साली तिचा कायदा झाला. आपल्याकडे २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात काही मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले आणि तिलाच कामावरून काढण्यात आले. ओरड झाल्यावर परत घेतले. ती 'शी' मुलांनी घरातल्या मोठ्यांकडूनच उचलली.

म्हणून आमची आईबापांना विनंती आहे. दूरदर्शनवर कोणा परदेशी माणसाचे ताट दिसले आणि पोराने 'शी' म्हटले, तर तेथेच थांबवा. ते काय आहे, कोण पिकवतो, कसे शिजवतात, हे त्याच्याबरोबर बसून पाहा. आवडले नाही तर खाऊ नये, पण खाणाऱ्याला हसू नये. घरी पाहुणा आला की "तुम्ही काय खाता?" असे विचारण्याआधी "जेवलात का?" एवढे विचारायला पोरांना शिकवा.