माझा अनुभव : मी लिहिलेले तक्रारपत्र

विद्यार्थी मित्रांनो, तक्रारपत्राचा नमुना मी तुम्हांला दरवर्षी फळ्यावर लिहून देते. प्रति, विषय, महोदय, आपली विश्वासू. गटार तुंबलंय, एसटी वेळेवर येत नाही, असे ठरलेले विषय. पण खरं सांगू का? वीस वर्षं शिकवूनही मी स्वतः एकही तक्रारपत्र लिहिलं नव्हतं. ते लिहायची वेळ कशी आली, तेच आज सांगते.

तुम्ही मला रोज पाहता. लहानपणी पोलिओ झाला, म्हणून पायात कॅलिपर आणि काखेत कुबड्या. शाळेत माझे सगळे तास तळमजल्यावर ठेवले आहेत, त्यामुळे माझं काही अडत नाही. अडलं ते कोर्टात.

माझ्या धाकट्या बहिणीचा पोटगीचा अर्ज चालू होता आणि मी तिची साक्षीदार होते. कोर्ट पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. पहिल्या तारखेला चार जणांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. माणसं भली होती हो! पण परक्या पुरुषांच्या हातांवर, साडी सावरत, सगळ्यांच्या नजरेसमोरून जाताना मी इतकी संकोचले, की वर गेल्यावर मला साध्या तारखाही नीट सांगता येईनात. उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली.

पुढच्या वेळी मी खुर्चीत बसायला नकार दिला. पट्टेवाल्याला म्हटलं, "साहेबांना सांगा, मी खाली आले आहे." तो म्हणाला, "बाई, एवढं काय त्यात? दोन मिनिटांत नेतो की!" थोड्या वेळाने वरच्या व्हरांड्यातून माझ्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. मी खालून ओरडले, "हजर आहे!" अगदी तुम्ही वर्गात देता तशी हजेरी. पण त्या दिवशीच्या रोजनाम्यात लिहिलं गेलं : साक्षीदार गैरहजर.

बहीण काहीच बोलली नाही. पोटगी लांबली ती माझ्या हट्टामुळे, असं मला रात्रभर वाटत राहिलं. सकाळी मात्र एक गोष्ट लक्षात आली. माझे पाय असे आहेत म्हणून मी गैरहजर नव्हते. जिना तसा होता, म्हणून मला गैरहजर ठरवलं गेलं.

मग कायदा वाचायला घेतला. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' याच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला भेदभावाविना न्यायालयापर्यंत पोहोचता येईल, याची जबाबदारी शासनाची आहे. गरजेची वाजवी सोय नाकारणं हासुद्धा या कायद्यात भेदभावच मानला आहे. वाचता वाचता अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या जॉर्ज लेन यांची हकिकत समजली. १९९६ मध्ये लिफ्ट नसलेल्या कोर्टाचे दोन जिने ते रांगत चढले. दुसऱ्या वेळी रांगायला आणि उचलून घ्यायला त्यांनी नकार दिला, तर गैरहजर म्हणून त्यांनाच अटक झाली! पुढे २००४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यावर दावा लावण्याचा त्यांचा हक्क पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला.

बहीण घाबरली. "ताई, कोर्टाचीच तक्रार? साहेब चिडले तर?" मी म्हटलं, "अगं, तक्रार निकालाची नाही, जिन्याची आहे."

दोन कागद तयार केले. वकिलांमार्फत कोर्टाला अर्ज दिला, की माझी साक्ष तळमजल्यावर घ्यावी. दुसरं तक्रारपत्र पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे स्पीड पोस्टाने पाठवलं. पहिला मसुदा रागाच्या भरात चार पानांचा झाला होता. तो फाडला. मग फळ्यावरचाच नमुना समोर ठेवला. काय घडलं, कोणत्या तारखेला, कुठे, कोणता हक्क नाकारला गेला आणि मला काय हवं आहे. एवढंच लिहिलं. कोणालाही दोष देणारं विशेषण नाही. सोबत रोजनाम्याची नक्कल आणि दिव्यांग प्रमाणपत्र जोडलं. पत्र दीड पानात मावलं.

पुढच्या तारखेला माझी साक्ष तळमजल्यावरच्या खोलीत झाली. सगळ्या तारखा बरोबर सांगितल्या. आयुक्त कार्यालयाचं पत्र आल्यानंतर दाराशी उतार बांधला गेला. लिफ्टचा प्रस्ताव मात्र अजून कागदावरच आहे, म्हणून मी स्मरणपत्रं पाठवते आहे.

मुलांनो, मला उचलणाऱ्या त्या चौघांचे मी आजही आभार मानते. पण त्यांनी केली ती मदत होती. मला हवा होता तो हक्क. मदत करणारा एखाद्या दिवशी नसला, तर माणूस खालीच राहतो. तुम्हीही कधी असे खाली अडकलात किंवा कोणी अडकलेलं दिसलं, तर नुसतं हळहळू नका. तारीख लिहून ठेवा, पुरावा जपून ठेवा आणि पत्र लिहा. नमुना तर तुम्हांला पाठच आहे.